शेगडी लालबुंद झाली तर पाणी ओतू नका!

संपादक महोदय,

लाकडावर चालणारी बंद लोखंडी शेगडी जास्त तापली की लोक घाबरून पहिलं काय करतात तर पाणी ओततात, आणि हे खरंच फार धोक्याचं आहे हो, तापलेलं बीड (ओतीव लोखंड) तडकतं आणि वाफेचा लोट थेट अंगावर येतो. आमच्याकडे एकदा राखेचं खालचं दार नीट लागलं नव्हतं, भात्यासारखी हवा आत जात होती आणि पाइपचा खालचा भाग अंधारात लालसर दिसायला लागला, तेव्हा माझे हातपाय गळाले होते.

खरा उपाय म्हणजे हवा तोडा. हवेची झडप बंद करा, दारं घट्ट लावा, नवीन लाकूड अजिबात टाकू नका. पण धुराच्या पाइपमधली झडप पूर्ण बंद करू नका, नाहीतर कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू घरात येतो, त्याला वासही नसतो.

आणि चिमणीतून घरघर आवाज आला तर आतलं काजळीचं डांबर पेटलंय असं समजा, सगळ्यांना बाहेर काढा आणि लगेच अग्निशमन दलाला फोन करा. शेगडीच्या दाराच्या कडेची, हवा अडवणारी दोरी झिजली असेल तर आजच बदला.

एक वाचक