जलपर्णी आधी काठावर पिळा, मग डिस्टिलरीत न्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

उजनी धरणाच्या फुगवट्यात यंदाही जलपर्णी माजली आणि तिचे इथेनॉल करा, ही मागणी पुन्हा कानावर येऊ लागली. मी साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ३१ वर्षे केमिस्ट होतो. मागणी मला मनापासून पटते, पण हिशेब कुणीच मांडत नाही, म्हणून हे पत्र.

मार्चमध्ये भिगवणच्या काठावरून १० किलो जलपर्णी आणून मी गच्चीवर वाळत घातली. तिचा फुगीर देठ दाबला की स्पंजासारखा पिचकतो आणि हात ओला होतो. पाचव्या दिवशी वजन भरले ६०० ग्रॅम! बाकी सगळे पाणीच. ओली जलपर्णी ट्रॅक्टरने लांब नेण्यात डिझेलच जळणार. वाळलेल्या मालात लिग्निन, म्हणजे साखर सुटू न देणारा कडक घटक, कमी असते, ही जमेची बाजू. पण हेमिसेल्युलोज या तंतूंमधल्या घटकातून सुटणारी झायलोज साखर आपल्या मळीवर (साखर काढल्यावर उरणाऱ्या पाकावर) चालणारे यीस्ट आंबवत नाही. तिला वेगळे यीस्ट लागते. त्याआधी साखर सुटी करायला आम्ल, वाफ आणि एन्झाइमचा खर्च आहेच. सगळे जमले तर टनभर ओल्या जलपर्णीतून १० लिटरच्या आसपास इथेनॉल निघेल, असा माझा अंदाज. टनभर मळीतून आम्ही सव्वादोनशे लिटर काढायचो.

तरीही हे करावे असे मी म्हणतो, कारण जलपर्णी काढण्याचा खर्च तसाही होतोच. काढलेले ढीग काठावर पडून राहतात आणि पहिल्या मोठ्या पावसात निम्मे परत पाण्यात जातात. आमच्या शेजारच्या मच्छीमाराची दोन जाळी याच वर्षी त्यात फाटली. त्याच्या दोन महिन्यांच्या कमाईचे काय?

जलपर्णी काठावरच कापून, पिळून एप्रिल-मेच्या उन्हात वाळवावी. आमच्या भागात उन्हाला तोटा नाही. मळी संपली की अनेक डिस्टिलऱ्यांचे फर्मेंटर (आंबवण्याच्या टाक्या) रिकामे राहतात. २०२३ च्या डिसेंबरात उसाच्या रसाच्या इथेनॉलवर बंधने आली, तेव्हा तर ही अडचण सगळ्यांनीच सोसली. अशा एखाद्या डिस्टिलरीत एक बॅच घेऊन पाहावी. भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा पानिपतचा प्रकल्प २०२२ मध्ये सुरू झाला. तिथले अनुभव मागवता येतील.

नवा प्रकल्प मात्र जलपर्णीच्या भरवशावर उभारू नये. पुण्याकडून मुळा-मुठेतून भीमेत उतरणाऱ्या सांडपाण्यावर ती पोसते. ते पाणी शुद्ध होऊन आले तर तिचा जोर ओसरेल, आणि ओसरायलाच हवा. कच्चा माल टिकावा म्हणून नदी घाण ठेवायची, असे कधीही होता कामा नये. शिवाय ही वनस्पती पाण्यातले जड धातू शोषते. उरलेला चोथा तपासल्याशिवाय कुणी शेतात टाकू नये.

ज्या कारखान्याला ही बॅच घ्यायची असेल, त्याच्या प्रयोगशाळेत मी विनामोबदला बसायला तयार आहे. वजनांची वही सोबत आणीन.

आपला,
एक निवृत्त डिस्टिलरी केमिस्ट, भिगवण