प्रकल्प अहवालात मूल्यांनाही रकाना हवा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

उद्योजकतेच्या शिक्षणाविषयी सध्या भरभरून बोलले जाते. महाविद्यालयांत नवउद्योगांसाठी स्वतंत्र कक्ष निघाले आहेत, महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र १९८८ पासून प्रशिक्षणे घेत आहे आणि केंद्राच्या पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या जोडीला राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमही २०१९ पासून चालू आहे. मी स्वतः उद्योजकतेचा अर्धवेळ पदविका अभ्यासक्रम करीत असून वेंगुर्ले तालुक्यात काजू प्रक्रियेचा लहानसा उद्योग उभा करण्याच्या तयारीत आहे. हा अभ्यास मला मनापासून आवडतो, आणि म्हणूनच त्यातली एक उणीव फार खटकते. उद्योजकाची मूल्ये, त्याची श्रद्धा आणि त्याचे घरदार यांचा वर्गात आदराने उल्लेख होतो, पण तो समारोपाच्या व्याख्यानात. ज्या कागदावर उद्योगाचे खरे निर्णय होतात, त्या कर्जासाठी बँकेला द्यायच्या प्रकल्प अहवालात या गोष्टींना कुठेच जागा नसते. आणि जे अहवालात नसते, ते अडचणीच्या पहिल्याच महिन्यात सोडून दिले जाते.

उदाहरण म्हणून कामाच्या दिवसांचा आकडा घेऊ. बँकेसाठी अहवाल तयार करताना वर्षाचे कामाचे दिवस सहसा ३०० धरले जातात. यामागे कोणाचा दुष्ट हेतू नाही. तयार नमुन्यात तो आकडा असतो, म्हणून तो पुढच्या अहवालात उतरतो. पण ३६५ मधून ३०० वजा केले की ६५ उरतात आणि त्यांतले ५२ साप्ताहिक सुट्टीत गेले की हाती राहतात ते केवळ १३ दिवस. या १३ दिवसांत कोकणातल्या माणसाने चतुर्थी, शिमगा, गावची जत्रा, दिवाळी, मुलांच्या परीक्षा, घरातले आजारपण, लग्नकार्य आणि सुतक हे सगळे बसवायचे आहे. आमच्याकडे गणपती कोणाचा दीड दिवसाचा, कोणाचा पाच, कोणाचा सात, तर कोणाचा अकरा दिवसांचा. त्या काळात घरोघरी मुंबईचे चाकरमानी आलेले असतात आणि काजू फोडणाऱ्या, सोलणाऱ्या बायका आपापल्या घरी राबत असतात. दिवाळी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांवर आलेली असते आणि शहरातल्या व्यापाऱ्यांच्या मागण्या याच सुमारास येऊ लागतात. ज्याने अहवालात ३०० दिवस लिहिले आहेत, त्याचे गणित इथे कोलमडते आणि मग तो ‘इथल्या माणसांना कामाची आवड नाही’ असे म्हणू लागतो. मुळात चूक आकड्यात असते. दोष मात्र माणसांच्या माथी जातो, आणि वर्षभर त्यांच्याशी वागण्याचा सूरच बदलतो.

मी माझ्या अहवालात २८० दिवस धरले आहेत. रोज २०० किलो काजूबी फोडायची असे मानले, तर ३०० दिवसांत ६० टन बी लागते आणि २८० दिवसांत ५६ टन. सुमारे चार किलो बीमागे एक किलो गर मिळतो, असा ढोबळ हिशेब केला तर वर्षाला एक टन गर कमी निघेल. हे नुकसान खरेच आहे आणि ते मी लपवीत नाही. मात्र त्याची दुसरी बाजू वर्गात कोणी मांडली नव्हती. काजूबी मुख्यतः मार्च ते मे या काळात बाजारात येते आणि वर्षभराचा साठा तेव्हाच करून ठेवावा लागतो. चार टन बी कमी घ्यायची, म्हणजे तेवढ्या रकमेचे खेळते भांडवल कमी लागते, त्यावरचे महिनोन्महिन्यांचे व्याज वाचते आणि पावसाळ्यात बुरशी धरण्याचा धोकाही तेवढ्यापुरता कमी होतो. सणाचे दिवस अहवालात धरल्याने उद्योग बुडत नाही. तो थोडा लहान होतो आणि त्याचे कर्जही थोडे लहान होते. उद्योग किती मोठा असावा, हा प्रश्न विद्यार्थ्याला विचारलाच जात नाही. जितका मोठा करता येईल तितका, असे उत्तर गृहीत धरून पुढचे सारे धडे शिकवले जातात.

कामाच्या तासांचेही तेच. ऑक्टोबर २०२३ मध्ये इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावे असे म्हटले, तर जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे आणि रविवारीही काम करण्याविषयीचे विधान गाजले. नव्वद तास म्हणजे सातही दिवस रोज जवळजवळ तेरा तास. एवढ्या वेळानंतर जे उरते त्यात झोप, जेवण आणि प्रवास धड मावत नाहीत. आईवडिलांजवळ बसणे किंवा मुलाची वही पाहणे ही तर फार पुढची गोष्ट. कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कारखाने अधिनियमाने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा दिली. मालकाच्या तासांना कोणताच कायदा मर्यादा घालत नाही, म्हणून ती त्याने स्वतःच घालून घ्यावी लागते, आणि उद्योग सुरू होण्याआधी घालून घ्यावी लागते. अर्थात शेतमालावर चालणाऱ्या उद्योगात रोजचे तास मोजूनमापून ठेवता येणार नाहीत, हे मला मान्य आहे. बी खरेदीच्या दिवसांत पहाटेपासून रात्रीपर्यंत काट्यावर उभे राहावे लागेल आणि दिवाळीआधीचे दोन आठवडेही तसेच जातील. काम आणि घर यांचे संतुलन दिवसाच्या चोवीस तासांत शोधण्याऐवजी वर्षाच्या बारा महिन्यांत शोधावे, असे मला वाटते. खरेदीच्या हंगामात जे घराकडून घेतले, ते भर पावसात परत करता येते, मात्र ते परत करायचे दिवस आधीच लिहून ठेवलेले हवेत.

मूल्यांचा विषय निघाला की वर्गात फसवणूक, लाच, करचुकवेगिरी अशी ठळक उदाहरणे दिली जातात. लहान उद्योगातले खरे प्रश्न याहून साधे असतात आणि म्हणून अधिक अवघड असतात. काजूच्या टरफलातले तेल कातडी भाजून काढते. बी फोडणाऱ्या बायकांची बोटे काळी पडतात, सोलवटतात. त्या हाताला खोबरेल तेल किंवा राख लावून बसतात. हातमोजे दिले की मालकाचे कर्तव्य संपले, असे वरवर वाटते. पण मजुरी किलोवर असेल, तर मोजे घातल्याने हाताचा वेग मंदावतो, दिवसाची कमाई घटते आणि बाई आपण होऊन मोजे काढून ठेवते. मग ‘आम्ही दिले होते, त्याच वापरत नाहीत’ असे म्हणायला मालक मोकळा. मोज्यांची किंमत अहवालात किरकोळ खर्चात मावते. त्यांच्यामुळे कमी होणाऱ्या वेगाची किंमत कोणी द्यायची, हा मूल्याचा प्रश्न आहे. किलोचा दर वाढवणे किंवा रोजावर मजुरी देणे, असे त्याचे उत्तर असेल, तर ते रुपयांतच लिहावे लागेल. माणुसकीवरचे व्याख्यान ऐकून तो रकाना भरत नाही.

देण्याघेण्याच्या बाबतीतही असेच घडते. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावेत, असे २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम सांगतो. २०२४-२५ या करनिर्धारण वर्षापासून तर मुदत उलटून वर्षअखेरीही थकलेली अशी रक्कम खरेदीदाराला त्या वर्षीच्या करहिशेबात खर्च म्हणून धरता येत नाही, अशी तरतूदही झाली. मी गर विकेन तेव्हा हे संरक्षण मला मिळेल. पण ज्या बागायतदाराकडून मी बी घेणार, तो शेतकरी आहे. शेती सूक्ष्म आणि लघु उद्योगांच्या नोंदणीत येत नाही, त्यामुळे त्याला ते संरक्षण नाही. व्यापाऱ्याने माझे पैसे अडवले की मी कायद्याचा आधार घ्यायचा आणि शेतकऱ्याचे पैसे मात्र माझ्या सोयीने द्यायचे, हे मला पटत नाही. म्हणून बीची खरेदी रोखीने, असे मी खेळत्या भांडवलाच्या हिशेबात धरले आहे. त्याने कर्ज वाढते. ते वाढलेले कर्ज मी मूल्यांचा खर्च म्हणून मान्य केले आहे.

आणखी एक गोष्ट येथे स्पष्ट लिहायला हवी. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या सर्वसाधारण अर्जदाराला प्रकल्प खर्चाच्या २५ टक्के अनुदान मिळते, तर महिलेला ३५ टक्के. ही सवलत योग्यच आहे. पण कागदावर पत्नीचे नाव आणि कारभार सगळा पतीचा, असे सर्रास घडते. उद्योगाचा पहिलाच कागद असा खोटा असतो आणि त्या बाईची सही एवढाच तिचा उद्योजकतेशी संबंध राहतो. उलट जिथे ती खरोखर राबते, तिथे तिच्या श्रमांचा एक रुपयाही खर्चात धरलेला नसतो, आणि उद्योग फायद्यात दिसतो तो त्या बिनपगारी कामामुळे.

श्रद्धेविषयी लिहिताना मला थोडे सावधपणे लिहायला हवे, कारण शिक्षणाच्या खोलीत हा विषय काढणे अनेकांना अप्रशस्त वाटते. माझ्या गावी नवे काम सुरू करण्याआधी ग्रामदेवतेला गाऱ्हाणे, म्हणजे मोठ्याने केलेली प्रार्थना, घातले जाते. नफ्याची हमी मागण्यासाठी मी ते घालणार नाही. आपण काय करायला निघालो आहोत, हे देवासमोर आणि चार गावकऱ्यांच्या देखत मोठ्याने सांगितले की त्यातून माघार घेणे कठीण होते, आणि एकट्याने धंदा करणाऱ्या माणसाला अशा बंधनाची गरज असते. काजूगरात डब्ल्यू-२४० म्हणजे एका पौंडात २२० ते २४० अख्खे गर आणि डब्ल्यू-३२० म्हणजे ३०० ते ३२०. वरच्या प्रतीच्या पाकिटात खालच्या प्रतीचे मूठभर गर मिसळले, तर घरी नेऊन ते मोजणारा ग्राहक मिळणे दुर्मीळ. तपासणी अधिकारी प्रत्येक पाकीट उघडत नाही. अशा ठिकाणी आपल्याला कोणीतरी पाहते आहे, ही भावना ज्याच्या मनात जिवंत आहे, त्याचा हात आपोआप आवरतो. ज्याची देवावर श्रद्धा नाही, तो हेच आपल्या विवेकाच्या बळावर करील, आणि मला दोघेही सारखेच आदरणीय वाटतात. लक्ष्मीपूजनाला आपण वहीपूजन करतो. पुजली जाणारी वही एक आणि खरा हिशेब दुसऱ्या वहीत, असे असेल तर त्या पूजेला काय अर्थ उरतो, हा प्रश्न उद्योजकतेच्या वर्गात उघडपणे विचारला गेला पाहिजे.

याबाबतीत मला देहूच्या तुकाराम महाराजांचा आधार वाटतो. महाजनकी आणि दुकान असलेल्या घरातला हा माणूस. दुष्काळात धंदा बुडाला, घरची माणसे गेली. पुढे त्यांनी कर्जखतांची वाटणी केली, निम्मी भाऊ कान्होबा यांना दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. ऋण माफ केले, हे सगळेच सांगतात. मला त्यातली वाटणी अधिक महत्त्वाची वाटते. आपल्या श्रद्धेची किंमत त्यांनी आपल्या वाट्यातून दिली, भावावर ती लादली नाही. उद्योजकाने हे जपायला हवे, कारण त्याची श्रद्धा आणि त्याची सत्ता एकाच ठिकाणी असतात. माझ्या चतुर्थीला कारखाना बंद राहणार असेल, तर ख्रिस्ती कामगाराला गुड फ्रायडेला सुट्टी मागावी लागू नये. तो दिवस नेमका बीच्या हंगामात येतो आणि तेव्हाच मालकाची कसोटी लागते. रमजानही काही वर्षी याच दिवसांच्या आसपास येतो. रोजा धरणाऱ्या कामगाराला दुपारच्या उन्हात वाळवणीवर न पाठवता सकाळचे काम देणे अवघड नाही, मात्र त्यासाठी कामाची पाळी आधी आखावी लागते.

हे सगळे भांडवल असणाऱ्यांचे चोचले आहेत, कर्ज काढून उभ्या राहणाऱ्या पहिल्या पिढीच्या उद्योजकाला ते परवडत नाहीत, असा आक्षेप वर्गात घेतला गेला आणि तो मी हलका मानत नाही. हप्ता थकला की बँक मूल्ये विचारत नाही. पण परवडत नाही हे ठरवायलाही आधी किंमत माहीत असावी लागते. रोख खरेदी, वाढीव मजुरी आणि सुट्टीचे दिवस यांचे आकडे मांडून पाहिले, तर काही आज झेपतील आणि काही तिसऱ्या वर्षी, कर्ज थोडे फिटल्यावर. तसे अहवालात लिहिता येते. पहिल्या वर्षी ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७० टक्के उत्पादनक्षमता वापरू असे आपण लिहितोच. मग मजुरीचा दर कोणत्या वर्षी किती वाढवू, हे लिहायला हरकत कसली?

माझी विनंती जिल्हा उद्योग केंद्रांना, प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांना आणि कर्ज मंजूर करणाऱ्या बँकांना आहे. प्रकल्प अहवालाच्या नमुन्यात कामाचे दिवस छापील ठेवू नयेत, ते अर्जदाराने स्थानिक सण, हंगाम आणि कामगारांचे धर्म विचारात घेऊन स्वतः भरावेत आणि त्याचे कारणही द्यावे. मालकाचे आणि त्याच्या घरच्यांचे श्रम खर्चात दाखवणे सक्तीचे असावे. कच्चा माल देणाऱ्या शेतकऱ्याला पैसे किती दिवसांत मिळतील, याचा एक स्वतंत्र रकाना असावा आणि कर्ज मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने मुलाखतीत त्यावर प्रश्न विचारावा. यासाठी नवा कायदा लागत नाही की निधीची तरतूद लागत नाही. पुढच्या तुकडीचे प्रशिक्षण सुरू होण्याआधी नमुन्यातले एक पान बदलले तरी पुरे.

कळावे,
आपली विश्वासू,
उद्योजकतेची एक विद्यार्थिनी
ता. वेंगुर्ले, जि. सिंधुदुर्ग