जावाच्या स्टँडचा उजवा कान

आदरणीय मिस्त्रीकाका,
सा. न. वि. वि.

तुमचं नाव आणि गाळ्याचा पत्ता कुठे लिहायचा नाही, असं तुम्ही बजावलंय. म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातले मिस्त्रीकाका, एवढंच लिहिते. पण हे पत्र चारचौघांत लिहायचं, हे मात्र मी ठरवलंय.

तुमच्याकडून दुरुस्त होऊन आली त्या रविवारी सकाळी बाबांनी त्यांची जावा मोटरसायकल स्टँडवर घेतली. एकट्यांनी, कुणाचाही हात न लागता. डावा हात हँडलवर, उजवा सीटखाली, पाय स्टँडच्या दांड्यावर, एक ओढ, आणि मागचं चाक अधांतरी. मग पेट्रोलचा कॉक उघडला, थोडं जास्त पेट्रोल सोडणारं कार्ब्युरेटरचं बटण, म्हणजे टिकलर, दाबलं, गिअरचाच दांडा आत ढकलून वर फिरवला आणि त्याची किक केली. तिसऱ्या किकला गाडी बोलली. बाबा ७८ वर्षांचे आहेत. भिंतीला टेकवलेली गाडी तोलत किक मारणं त्यांना आता झेपत नाही, आणि स्टँड नसल्यामुळे नऊ वर्षं त्यांनी तिला हात लावला नव्हता.

गाडी १९६९ ची. जावा २५०, म्हैसूरच्या कारखान्यातली. शेतकी खात्यात असताना बाबांनी हिच्यावरून पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा पालथं घातलंय. मध्ये एकदा ती एका गॅरेजमध्ये बरेच महिने पडून होती. परत आली तेव्हा फ्रेमच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, खाली भोक असलेल्या ज्या दोन लोखंडी कानांवर स्टँड फिरतो त्यातला उजवा कान गॅसने कापून टाकलेला होता. त्याच्या जागी अँगलचा एक तुकडा कसातरी चिकटवलेला. स्टँड लावला की गाडी उजवीकडे झुकायची, आणि एके दिवशी तो तुकडा तुटून गाडी बाबांच्या पायावर आली. त्या दिवसापासून ती पोत्यांखाली गेली.

मी शोधायला लागले तेव्हा वाटलं, पार्ट मागवायचा, बसवायचा, झालं. जावाची टाकी मिळते, चेनकेस मिळते, मडगार्ड मिळतात, रबराच्या ग्रिपासुद्धा मिळतात. पण कान हा पार्ट नव्हेच. तो फ्रेमला कारखान्यातच जोडलेला असतो, त्यामुळे तो कुणी सुटा बनवत नाही की विकत नाही. म्हैसूरचा कारखाना तर १९९६ सालीच बंद पडला. ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी एकच सल्ला दिला: आख्खी फ्रेम घे. जुन्या बाजारात एक मिळतही होती. पैसे द्यायला मी तयार झाले होते, काका. तुम्ही विचारलंत, "आणि नंबराचं काय करणार?"

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. फ्रेमवर ठोकलेला नंबर म्हणजेच कागदोपत्री ती गाडी. फ्रेम बदलली की बाबांच्या आरसी बुकातली गाडी राहतच नाही. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, पण चॅसिस, बॉडी, इंजिनात मोठा फेरबदल नसेल तरच. फ्रेमच बदलली असती तर तो दरवाजाही बंद झाला असता. बिनकागदाच्या फ्रेमचा मूळ मालक कोण, हा प्रश्न तर वेगळाच. तुमच्या एका प्रश्नाने मी या सगळ्यातून वाचले.

मला वाटलं होतं, डावा कान समोर आहे, त्याचं माप घेऊन उलटा उजवा कापला की काम संपलं. तुम्ही डाव्या कानाच्या भोकात बोट घालून फिरवलंत आणि मलाही फिरवायला लावलंत. भोक गोल नव्हतं, वरच्या अंगाला लांबट झालं होतं. पन्नास वर्षं सगळं वजन तिथेच येत होतं. तुम्ही म्हणालात, "झिजलेलं बघून नवं केलं की नवंबी झिजलेलंच हुतंय, पोरी." मी हे वाक्य वहीत लिहून ठेवलंय.

त्यासाठी तुम्ही जयसिंगपूरच्या त्या निवृत्त गुरुजींची गाडी शोधून काढलीत, फ्रेमला कधीच वेल्डिंग न लागलेली. त्यांनी टाकी रिकामी करून, खाली गादी घालून गाडी आडवी करू दिली, हे त्यांचे उपकार. तुम्ही लग्नपत्रिकेचा जाड कागद कानावर धरून ऑइलचा अंगठा कडेकडेने फिरवलात आणि काळ्या रेघेत पुरा आकार उमटला. मग भोकाचं माप, फ्रेमच्या नळीपासूनचं अंतर, दोन कानांमधलं अंतर. प्रत्येक माप तीनदा घेतलंत. तेव्हा मला ते जास्तीचं वाटलं होतं. भोक चार-पाच मिलिमीटर वरखाली झालं तरी गाडी एका अंगाला कलते, हे मला नंतर कळलं.

पुढचं काम मी गाळ्यात बसून बघितलं. ६ मिलिमीटरची प्लेट कापून कानशीने तुम्ही ती तासभर घासत होता. ग्राइंडर शेजारीच होता, पण शेवटचा आकार हातानेच. डाव्या कानाचं भोक मोठं करून त्यात लेथवर काढलेलं बुश, म्हणजे भोकाला आतून अस्तर देणारी नळी, बसवलंत. आणि मग ती दोन गजांची युक्ती. एक सरळ गज दोन्ही कानांतून, दुसरा मागचं चाक धरणाऱ्या स्विंग आर्मच्या भोकातून. लांब उभं राहून, एक डोळा मिटून तुम्ही दोन्ही गज समांतर आहेत का ते बघितलंत, मग टेपने दोन्ही टोकांची अंतरं जुळवलीत. तेव्हा कुठे वेल्डिंगचा पहिला टाका मारलात.

वेल्डिंगला मी घाबरले होते. जावाची फ्रेम चौकोनी नळीची, पत्रा पातळ. आच नळीवर गेली तर भोक पडणार. तुम्ही आच जाड प्लेटवर ठेवून रस नळीकडे ओढत होता. बोटभर टाका घालायचा, थांबायचं, मग समोरच्या बाजूला दुसरा, म्हणजे फ्रेम एकीकडे ओढली जात नाही. तुमच्या हाताखालचा पोरगा पाणी मारायला धावला तेव्हा त्याच्यावर ओरडलात. गार व्हायला दुपार गेली, आपण चहा घेतला, आणि गज नंतर हाताने सुटला. तो सहज सुटला, म्हणजे कान जागचे हलले नव्हते, तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही.

अडीच दिवसांच्या कामाचे तुम्ही प्लेट, रॉड आणि बुशाचेच पैसे घेतलेत. मजुरी विचारली तर म्हणालात, गाडी चालवत आण, मग बघू. काका, हे मला पटलेलं नाही. तुमच्या हाताला दाम मिळालाच पाहिजे, नाहीतर तो पोरगा हे काम का शिकेल? पाकीट घेऊनच येणार आहे, आणि या वेळी नाही म्हणू नका.

हजार किलोमीटर झाले की टाके बघायला आण म्हणाला होता. आज सकाळी ९४० झाले. बाबा म्हणतायत की उरलेले ६० तुमच्या गाळ्याकडे येताना करायचे, पन्हाळ्यावरून वळसा घालून. शनिवारी दुपारी गाळ्यात असाल ना?

तुमची,
जावावाली पोरगी