कूलंट संपत नाही, ते कुठेतरी जाते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सुट्ट्या लागल्या की खंबाटकी, खंडाळा, आंबा, कुंभार्ली अशा घाटांत बॉनेट उघडून उभ्या केलेल्या गाड्या दिसू लागतात. त्यातल्या सगळ्याच काही जुन्या नसतात. कित्येक वर्ष-दोन वर्षांच्या असतात, घरातली पहिलीच गाडी. काय झाले विचारले तर उत्तर ठरलेले, 'कूलंट संपले.' सगळी गफलत या दोन शब्दांत आहे. पेट्रोल जळते, वायपरचे पाणी काचेवर उडते, म्हणून ते संपते. कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव, बंद नळ्यांत फिरते: इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि तिथून परत इंजिनात. ते खर्च व्हायला वाटच नाही. पातळी उतरली याचा अर्थ ते कुठून तरी बाहेर पडते आहे. नव्या गाडीमालकांना हे गाडी ताब्यात देतानाच कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

पातळी पाहायला पैसे लागत नाहीत. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, सपाट जागेवर बॉनेट उघडा. धुरकट पांढऱ्या प्लास्टिकची बाटली दिसेल, तिच्यावर 'मिन' आणि 'मॅक्स' किंवा 'लो' आणि 'फुल' अशा रेघा असतात. पातळी या दोन रेघांच्या मध्ये हवी. झाकण उघडायची गरज नाही. पण इथे डोळ्यांची फसगत होते. बाटली आतून रंगते आणि रिकामी झाली तरी जुन्या डागामुळे भरलेली वाटते. म्हणून बाटलीच्या मागे मोबाइलचा टॉर्च धरा आणि बंपरला हात लावून गाडी जरा हलवा. खरी पातळी हिंदकळते, डाग हलत नाही. पंधरा दिवसांतून एकदा आणि लांबच्या प्रवासाच्या आदल्या दिवशी एवढे केले तरी पुष्कळ झाले.

गाडी गरम असताना मात्र बाटलीच्या किंवा रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. झाकणातली स्प्रिंग आत साधारण एक किलोच्या आसपास दाब धरून ठेवते. त्या दाबामुळे कूलंट सव्वाशे अंशांपर्यंतही उकळत नाही. झाकण सैल केले की दाब एका क्षणात उतरतो, आतले द्रव तिथल्या तिथे उकळते आणि कारंज्यासारखे चेहऱ्यावर येते. हात आणि तोंड भाजण्याचे अपघात असेच होतात. जाड फडके धरून हळूच उघडतो, हाही उपाय नव्हे. थंड होईपर्यंत थांबणे एवढाच उपाय आहे.

आता पातळी खाली गेलेली दिसली तर काय? गाडी नवी असताना आत अडकलेली हवा निघून गेल्यावर पातळी एकदा थोडी उतरू शकते. एकदाच भरावे, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवावेत. दोन रेघांमधले अंतर बहुतेक छोट्या गाड्यांत पाव ते अर्धा लिटर असते. तेवढे महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा गेले, तर ती गळती आहे आणि ती शोधलीच पाहिजे. दर वेळी वरून भरत राहणे म्हणजे दुखणे झाकणे.

गळती शोधायला गाडी उचलावी लागतेच असे नाही. होज पाइप जिथे क्लिपने आवळलेला असतो तिथे, रेडिएटरच्या प्लास्टिकच्या टाकीच्या कडेला आणि वॉटर पंपाखाली पाहा. कूलंट वाळले की पांढरट, हिरवट किंवा गुलाबी खरवड धरते, मिठाच्या पुटासारखी. वॉटर पंपाला एक बारीक छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. त्यातून ओघळ दिसला तर पंपाचे सील गेले. उभ्या गाडीत उंदीर होज कुरतडतात, त्यांच्या दातांच्या खुणाही तिथेच दिसतात. डाव्या बाजूच्या सीटसमोरचे कार्पेट ओले, आत गोडसर वास आणि समोरच्या काचेवर चिकट धुके, असे असेल तर डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर फुटला आहे. बाहेर कुठेच थेंब नाही आणि पातळी तरी उतरते, तेव्हा शंका हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ठोकळा यांच्यामधल्या सीलवर, घ्यावी: ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर. एसी चालू असताना गाडीखाली टपकणारे स्वच्छ, बिनवासाचे पाणी मात्र गळती नव्हे, त्याने घाबरू नये. बोटाला लावून पाहा, कूलंट बुळबुळीत लागते.

सीएनजी गाडीवाल्यांनी आणखी जपायला हवे. सीएनजीचा दाब उतरवणारा रेग्युलेटर बहुतेक गाड्यांत इंजिनाच्या गरम कूलंटवरच उबदार ठेवला जातो, कारण दाब उतरताना गॅस अतिशय थंड होतो. बाहेरून किट बसवताना या कामासाठी मूळ होज कापून जोड घातले जातात, आणि प्रत्येक जोड ही गळतीची नवी जागा असते. कूलंट कमी झाले तर तो रेग्युलेटर गारठतो आणि गाडी गॅसवर गचके देऊ लागते. मालक मात्र गॅसला दोष देत बसतो.

काय भरायचे, हा खरा वादाचा मुद्दा. 'आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला, साधे पाणी चालते,' असे अजूनही सर्रास सांगितले जाते. हे साफ चूक आहे. गोठू न देणे हे कूलंटचे एक काम, महाराष्ट्रात ते फारसे कामाला येत नाही. पण उकळबिंदू वाढवणे आणि ॲल्युमिनियमचे हेड, लोखंडी पंप, रबरी सील यांना गंज-झिजेपासून राखणे, ही कामे इथल्या उन्हात जास्तच लागतात. बोअरचे पाणी तर विषच समजा. सोलापूर, मराठवाडा, नगर भागातल्या क्षारयुक्त पाण्याने घागरीत जसा पांढरा थर बसतो तसाच तो रेडिएटरच्या काडीएवढ्या नळ्यांत बसतो आणि एकेक नळी बुजत जाते. मिसळायला डिस्टिल्ड वॉटर घ्यावे, बॅटरीत घालायचे तेच. ते महाग नाही.

बाजारात दोन प्रकार मिळतात: तयार भरायचे आणि पाणी मिसळून वापरायचे. डब्यावर वाचूनच घ्या. दुसऱ्या प्रकारात बहुतेक गाड्यांना निम्मे कूलंट, निम्मे पाणी हे प्रमाण असते, तरी आपल्या गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. 'घट्ट घातले की जास्त गार' हा समज उलटा आहे. कूलंटमधल्या ग्लायकॉल या मुख्य रसायनापेक्षा पाणी उष्णता जास्त वाहून नेते, त्यामुळे निव्वळ कूलंट भरलेली गाडी जास्त तापते. रंगावरही जाऊ नका. हिरवा, लाल, निळा, गुलाबी हे कंपनीने घातलेले रंग आहेत, त्यांचे एकच ठरलेले माप नाही. जुन्या पद्धतीच्या रसायनांचे कूलंट साधारण दोन वर्षांत बदलावे लागते, सेंद्रिय आम्लांवर आधारलेले पाच वर्षांपर्यंत चालते. दोन्ही एकत्र केली की टिकाऊपणा घटतो, कधी कधी गाळ धरतो. म्हणून पुस्तिकेत लिहिलेलेच आणावे. सर्व्हिसच्या बिलावर नुसते 'कूलंट टॉप-अप' लिहिले असेल तर कोणते आणि किती, हे विचारून लिहून घ्यावे.

पूर्ण कूलंट बदलल्यावर आत हवा अडकते. हीटर पूर्ण गरमवर ठेवून, पंखा दोनदा लागून बंद होईपर्यंत इंजिन चालवायचे, मग रात्रभर थंड होऊ देऊन सकाळी पुन्हा पातळी पाहायची. घाईच्या कामात ही सकाळची तपासणी राहते आणि 'नवीन कूलंट घालूनही गाडी तापते' ही तक्रार सुरू होते.

घाटात लाल दिवा लागला तर पुढचे काम मिनिटांचे असते. बऱ्याच छोट्या गाड्यांत आता तापमानाचा काटाच नाही. इंजिन थंड असताना निळा दिवा आणि अति तापल्यावर लाल, एवढेच. लाल लागताच एसी बंद, हीटर पूर्ण गरम आणि ब्लोअर पूर्ण वेगाने, काचा खाली, गाडी कडेला. वाफ येत असेल किंवा खाली ओघळ असेल तर इंजिन तत्क्षणी बंद करा. तसे काही नसेल आणि पंखा फिरत असेल तर न्यूट्रलमध्ये मिनिट-दोन मिनिटे चालू ठेवून पाहा, दिवा गेला नाही तर बंद करा. बॉनेट वाफ थांबल्यावरच उघडा, हात पंख्यापासून लांब ठेवा, किल्ली काढली तरी तो अचानक सुरू होऊ शकतो. निदान पाऊण तास थांबा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेड वाकते किंवा तडकते. पुरते थंड झाल्यावर अडचणीच्या वेळी पिण्याचे पाणी घालून जवळच्या गॅरेजपर्यंत हळू जाता येते. रेडिएटरला वेगळे झाकण असेल आणि बाटली कोरडी पडली असेल तर आधी रेडिएटर भरा, नुसती बाटली भरून भागत नाही. आणि एक लक्षात ठेवा: कूलंट सगळेच निघून गेले तर तापमानाचा सेन्सर कोरडा पडतो आणि काटा उलट खाली येतो. वाफ दिसते आहे आणि काटा खाली आहे, तर डोळ्यांवर विश्वास ठेवा.

गळतीवर रेडिएटरमध्ये हळद टाकणे आणि गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकणे, हे रस्त्यावरचे दोन उपाय कृपया करू देऊ नका. हळदीने गळतीबरोबर हीटरच्या बारीक नळ्याही बुजतात. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट उघडून देणारी झडप, ती साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडते. तो नसेल तर इंजिन कायम अर्धवट गार चालते, पेट्रोल जास्त खाते आणि ऑइल लवकर खराब होते.

बाकी देखभालीचे थोडक्यात. ऑइल सपाट जागी, इंजिन बंद करून पाच मिनिटांनी डिपस्टिक पुसून पाहावे. ब्रेक ऑइलची पातळी उतरली तर लगेच भरू नये, आधी ब्रेक पॅड पाहावेत, कारण पॅड झिजले की पातळी आपोआप उतरते. हवा थंड टायरमध्ये, दाराजवळच्या चिकटपट्टीवरच्या आकड्याप्रमाणे भरावी. रेडिएटरच्या जाळीवर अडकलेले किडे आणि चिखल साध्या नळाच्या पाण्याने धुवावेत, प्रेशर पंपाने पत्र्याच्या पात्या दुमडतात. काच धुण्याच्या पाण्याची बाटली आणि कूलंटची बाटली नीट ओळखा. साबणाचे पाणी चुकून कूलंटमध्ये गेले तर इंजिन सुरू न करता ते सगळे काढून घ्यावे लागते. इलेक्ट्रिक गाडीतही कूलंटची बाटली असते, पण बॅटरीचे कूलंट काही गाड्यांत वेगळ्या जातीचे असते. तिथे स्वतः काहीही ओतू नये.

काढलेले कूलंट अंगणात ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असते, कुत्री-मांजरे चाटतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. लहान मुलांच्या हाती लागेल अशा पाण्याच्या बाटलीत तर ते कधीही भरून ठेवू नये.

गाडीविक्रेत्यांना आमची एकच विनंती आहे. गाडी देताना हार, पेढे आणि फोटो होतातच. त्यातली पंधरा मिनिटे बॉनेट उघडून द्या, कूलंटची बाटली मालकाच्या हाताने दाखवून घ्या, आणि गाडीत कोणत्या जातीचे कूलंट आहे ते बिलावर मराठीत लिहून द्या.

आपले,
सातारा परिसरातील काही मोटार मेकॅनिक