दोन पंथांची गल्लत

संपादक महोदय,

रविवारच्या लेखात ॲडव्हेंटिस्ट आणि यहोवाचे साक्षीदार हे दोन वेगळे ख्रिस्ती पंथ एकच ठरवले आहेत. विल्यम मिलर या अमेरिकन शेतकऱ्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ला ख्रिस्त पृथ्वीवर परत येईल म्हणून वाट पाहिली. तो आला नाही, चळवळ विखुरली. त्यातला शनिवार हा विश्रांतीचा पवित्र दिवस मानणारा गट १८६३ मध्ये सेव्हंथ-डे ॲडव्हेंटिस्ट म्हणून संघटित झाला. साक्षीदार मात्र चार्ल्स रसेल या अमेरिकन धर्मप्रचारकाच्या बायबल-अभ्यासकांतून आले. रसेल १९१६ मध्ये वारल्यावर हे अभ्यासकही फुटले. रसेल यांच्यानंतर नेतृत्व घेतलेल्या रदरफर्ड यांच्या गटाने १९३१ मध्ये आजचे नाव घेतले.

आमचे शेजारी ॲडव्हेंटिस्ट आहेत. बांगडा खातात, पण खवले-पर नसलेल्या कुर्ल्या, तिसऱ्या त्यांना बायबलनुसार वर्ज्य. लेख वाचून लोक त्यांनाच विचारतात, राष्ट्रगीत का म्हणत नाही? ती भूमिका साक्षीदारांची! मुलांना शाळेत हे ऐकावे लागते, याचे मला फार वाईट वाटते. कृपया खुलासा छापावा.

— एक निवृत्त शिक्षिका, मालवण