ब्रिज शिकवताना सुरुवात मेंढीकोटापासून व्हावी

संपादक महोदय,

२०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत साठ वर्षांचे प्रणब बर्धन आणि छप्पन्न वर्षांचे शिबनाथ सरकार यांनी ब्रिज या पत्त्यांच्या खेळाच्या पुरुष दुहेरीत सुवर्णपदक मिळवले, तेव्हा ज्यांनी हा खेळ कधी पाहिलाही नव्हता त्यांच्या कानांवर त्याचे नाव गेले. तरीही शिकायला येणारे अनेक जण पहिल्या काही धड्यांतच गळतात आणि त्याचे कारण, माझ्या मते, शिकवण्याच्या क्रमात आहे.

बहुतेक ठिकाणी सुरुवातच बोलीपासून, म्हणजे आपण किती हात करणार हे आधी जाहीर करण्यापासून, होते. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन आणि गुलामाचा एक अशी एकूण ४० गुणांची मोजदाद, आणि किती गुणांवर कोणती बोली लावायची याचे नियम, नवख्याकडून पाठ करून घेतले जातात. वास्तविक ‘चार इस्पिक’ ही बोली म्हणजे इस्पिक हुकूम ठेवून सहा अधिक चार, असे दहा हात करण्याचे वचन असते. तेरांपैकी दहा हात कसे होतात हे ज्याने एकदाही अनुभवलेले नाही, त्याला त्या वचनाचे वजन कळणार कसे?

हा अनुभव आपल्याकडे मेंढीकोट देतो. उतारीच्या रंगाचे पान असेल तर तेच टाकणे, हुकमाची किती पाने पडली याचा हिशेब ठेवणे आणि भिडूने टाकलेल्या पानावरून त्याच्या हाताचा अंदाज घेणे, हे सारे चार दश्श्यांच्या ओढाताणीत मुले आपोआप शिकतात. आपल्याकडे एक्का-राणी आहे आणि राजा बाहेर आहे, अशा वेळी भिडूने त्या रंगाची उतारी केली व मधल्या प्रतिस्पर्ध्याने लहान पान टाकले, तर एक्का राखून राणी टाकावी. राजा त्या प्रतिस्पर्ध्याकडेच असेल तर राणीचाही हात होतो. ब्रिजमधली ही अत्यंत महत्त्वाची चाल मेंढीकोट खेळणाऱ्याला समजावून सांगायला फार वेळ लागत नाही. म्हणून आधी मेंढीकोट, मग ब्रिजमध्ये असते तशी एका भिडूची पाने टेबलावर उघडी मांडून खेळण्याचा सराव आणि बोली सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवावा.

पत्ते म्हणजे जुगार, ही पालकांची भीती मी समजू शकतो. परंतु ब्रिजच्या स्पर्धांत वाटलेली तीच पाने निरनिराळ्या टेबलांवर खेळवली जातात आणि त्याच पानांवर इतरांनी काय साधले याच्याशी तुलना करून गुण दिले जातात, त्यामुळे चांगली पाने येण्याच्या नशिबाला तेथे फारसा वाव उरत नाही.

आपल्या दैनिकाने आठवड्यातून एकदा ब्रिजचा एक डाव छापावा आणि त्यात बोली आधीच ठरलेली देऊन ‘आता कोणते पान टाकाल?’ एवढेच वाचकांना विचारावे, अशी माझी विनंती आहे.

– एक वाचक, सांगली