पुतळ्याआधी सरांच्या वह्या वाचवा

संपादक महोदय,

आमच्या इतिहासाच्या सरांचे गेल्या महिन्यात निधन झाले. त्यांचा अर्धपुतळा महाविद्यालयाच्या आवारात बसवायचा म्हणून आम्ही माजी विद्यार्थी वर्गणी काढत आहोत. मीही पाच हजार देऊन मोकळी झाले. पण मनाला काही पटेना, म्हणून हे पत्र.

1983 साली मी विजयदुर्गावर निबंध लिहून पहिले बक्षीस मिळवले होते. 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियर साहेबाने किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्यां’वरून हेलियम शोधला, असे मी त्यात ठोकून दिले होते. आमच्याकडे शेंबडे पोरही हेच सांगते. सरांनी अभिनंदन केले आणि हळूच विचारले, “ऐन श्रावणात विजयदुर्गाक सूर्य कितीसो दिसता गो?”

पुढचे पंधरा दिवस त्यांनी मला ग्रंथालयात बसवले. निघाले ते असे : त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होता. लॉकियरने सूर्याच्या वर्णपटातली पिवळी रेघ टिपली ती 20 ऑक्टोबरला, इंग्लंडात, ग्रहण नसताना. विजयदुर्गाला तो आला खरा, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. रडवेली होऊन मी बक्षीस परत करायला निघाले, तर म्हणाले, “असू दे. आता खरा निबंध लिही.” लिहिला. त्याला बक्षीस मिळाले नाही.

त्याच किल्ल्याच्या तटावर उभे करून त्यांनी आम्हाला 1756 शिकवले. इंग्रजांनी तुळाजी आंग्र्यांचे आरमार जाळले म्हणून आमची डोकी तापली, तेव्हा ते एवढेच म्हणाले, “त्यांना बोलावलं कोणी, तेही लिहा.” पेशव्यांचे नाव उत्तरपत्रिकेत लिहिताना माझा हात अडखळला होता, हे अजून आठवते.

पण सरांचे खरे काम वर्गाबाहेरचे. गणपतीच्या आधी आमच्याकडे घरोघर माळे साफ होतात आणि वाळवी लागलेले जुने रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले जुन्या कागदांचे गठ्ठे, परसात जाळले जातात. हे ओळखून सर दरवर्षी श्रावणात एसटीने गावोगाव फिरत. “सर इले, माळ्यार चढ रे,” अशी हाक म्हाताऱ्या माणसांकडून ऐकलेली आहे. अस्सल कागद ते कधी नेत नसत. ओटीवर बसून मोडीची नक्कल उतरवायची, खाली घरवाल्याचे नाव आणि तारीख घालायची, रुमाल बांधून परत द्यायचा. चहा मात्र दोनदा घेत.

रविवारी त्यांच्याच पडवीत आम्ही सातजण मोडी शिकलो. आधी ओळभर रेघ ओढायची, मग तिला अक्षरे टांगायची. ऱ्हस्व-दीर्घाची कटकट नाही आणि शब्द कुठे तुटतो ते आपणच ताडायचे. पुढे तलाठी म्हणून गाव नमुना 14 मधल्या, म्हणजे जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदवहीतल्या, मोडी नोंदी वाचताना तेच उपयोगी पडले. हल्ली कुणबी नोंदींसाठी मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली, तेव्हा निवृत्त झालेल्या मलाही फोन आले. आम्हा सातांपैकी आता तिघेच उरलो आहोत.

सरांच्या नकलांच्या एकेचाळीस वह्या त्यांच्या घरी लोखंडी कपाटात आहेत. मी परवाच मोजल्या. तीन वह्यांना बुरशी धरली आहे. घरचे लोक द्यायला तयार आहेत, पण घेणार कोण? वर्गणीतून आधी या वह्यांचे स्कॅनिंग व्हावे, उरल्या पैशांत रविवारचा मोडी वर्ग पुन्हा सुरू व्हावा. शिकवायला मी येईन, मानधन नको. पुतळ्याचे नंतर बघू.

आणि वाचकांना एक विनंती. यंदा माळ्यावर रुमाल सापडला तर काडी लावण्याआधी निदान मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

— एक निवृत्त तलाठी, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(नाव छापू नये.)